छपराचा चेक

उपवासकाळातली संध्याकाळ, वसईतल्या एका चर्चचा व्हरांडा. बोलत होते निवृत्त फादर आणि लहानपणी त्यांच्याच हाताखाली धर्मशिक्षण घेतलेली, आता दिवाणी दावे लढवणारी वकीलबाई. मी ऐकणारा.

"अशिलाचं नाव सांगणार नाही, फादर."

"नकोच. तो माझ्याकडे पापनिवेदनाला आला असेल, तर तेही मी सांगणार नाही. ते गुपित फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो."

"'कर्जाचे कागद आहेत' म्हणून त्यानं बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं, पुढे वाडी बिल्डरला विकली. आता म्हातारपणी झोप लागत नाही. चर्चच्या छपरासाठी मोठा चेक देतो म्हणतो, बहिणीला मात्र कळता कामा नये. याला पश्चात्ताप म्हणायचं?"

"यहूदाला काय म्हणशील? मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याला पस्तावा होतो, तो पाप कबूल करतो, येशूला धरून दिल्याची तीस नाणी परत नेऊन देतो. पेत्रानं काय परत केलं? नुसता रडला."

"तरी संत झाला तो पेत्र. हा निवाडा मला कधीच पटला नाही."

"यहूदा नाणी घेऊन गेला कुणाकडे? याजकांकडे, म्हणजे सौद्यातल्या भागीदारांकडे. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो फिरकलाच नाही. पेत्रानं येशूला नाकारलं ते प्रमुख याजकाच्या अंगणात, कोळशांच्या विस्तवाशी शेकताना. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तळ्याकाठी पुन्हा तसाच विस्तव आहे, आणि येशूचा पेत्राला एकच प्रश्न तीनदा: माझ्यावर प्रेम करतोस का? त्या धगीपुढे बसायला लाज गिळावी लागते. तुझा अशील ती गिळायला तयार नाही."

"त्या याजकांनी तरी रक्ताचे पैसे म्हणून ती नाणी भांडारात घेतली नाहीत, कुंभाराचं शेत घेतलं. आपलं छप्पर गळतंय, फादर."

फादर हसले नाहीत.

"बरं, त्याला बहिणीपुढे उभं करू," ती म्हणाली. "पण १९६३ च्या मुदत कायद्यात फसवणुकीची मुदत ती उघडकीला आल्यापासून धरतात. तो आज बोलला, की सहीचा कागद रद्द करून मागायला बहिणीला आजपासून तीन वर्षं मिळाली. वकील म्हणून मी त्याला गप्पच राहायला सांगेन. आणि ती? नाताळात अजून त्याच्या घरी जेवायला येते. सांगून याचं मन हलकं होईल, ओझं तिच्या डोक्यावर."

मला विचाराल तर हा मुद्दा फादरांना जड गेला. ते जरा वेळानं बोलले.

"चर्चची परंपरा इथं थोडी तुझ्या बाजूची आहे. परतफेड नाव न सांगता करता येते. टाळता मात्र येत नाही. संत ऑगस्टीननं पाचव्या शतकात एका पत्रात बजावलंय, की परत करता येत असून दुसऱ्याचं ठेवून घेतलं, तर तो पश्चात्ताप म्हणजे सोंग."

"आणि क्रुसावरचा चोर? त्यानं काय फेडलं?"

"त्याचे हात मोकळे नव्हते. तुझ्या अशिलाचे आहेत."

"म्हणजे आधी पैसे, मग क्षमा."

"उलट. यरीहोत येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी आपणहून गेला, हिशेब जक्कयानं नंतर मांडला. क्षमा घरात आली की माणसाचा हात खिशाकडे जातो."

"गुपचूप द्यायचे, तरी भाव कोणता धरायचा? विकली तेव्हाचा की आजचा?"

"जक्कय चौपट देतो म्हणाला."

"वसईत चौपटीनं भागत नाही. आणि पैसे पोचले असं धरू. सही खोटं बोलून घेतली होती, ते खोटं कुठल्या चेकनं फिटणार?"

"नियम मला पैशांपर्यंतच नेतो," फादर म्हणाले. "पुढची सक्ती मी करू शकत नाही. पण त्याच्या जागी मी असतो, तर छपराचा चेक फाडून बहिणीकडे गेलो असतो. मग ती कोर्टात जावो."

"तुमच्या नावावर सातबारा नाही, फादर."