खोत गेल्यावर जमीन कोणाची?

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून रायगड किनाऱ्यावरचे दिघी बंदर ७०५ कोटी रुपयांना अदानी समूहाच्या बंदर कंपनीकडे गेले. त्याआधी ते वेगळ्या खाजगी कंपनीकडे होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या बारा नव्या औद्योगिक शहरांच्या यादीत दिघीचे नाव घातले. राजपुरीच्या खाडीच्या एका काठाला आगरदांडा, दुसऱ्या काठाला दिघी, तोंडाशी जंजिरा. या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या कोळ्यांच्या नावावर मात्र पाण्याचा सातबारा नाही. बंदराचा करार होतो, ते गहाण पडते, विकले जाते. मासेमारीच्या वहिवाटीला असा कागद कोण देणार?

समाजवादी आणि साम्यवादी विचारांच्या शाखा का फुटल्या, हे समजून घ्यायला असाच प्रश्न लागतो. मालक हटवायचा, यावर सगळ्यांचे एकमत असते. तो हटल्यावर ती वस्तू कोणाची, इथे रस्ते वेगळे होतात. आणि हा वाद मॉस्को-बर्लिनमध्ये जितका झाला, तितकाच या किनाऱ्यावर भाताच्या खाचरात झाला आहे.

कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट धान्य घेई. वर वेठ वेगळीच. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. गिरणी बंद पडली की मालकाचा नफा थांबतो. इथे कुळाने स्वतःच्याच घरातली चूल पणाला लावली. शेते ओस पडली. माणसे रानातली लाकडे तोडून विकू लागली, मिळेल ती मजुरी करू लागली. संप १९३९ पर्यंत चालला. एवढा लांब शेतकरी संप भारताच्या इतिहासात दुसरा सांगता येत नाही, आणि तरी शाळेच्या पुस्तकात त्याला पुरेशी जागा मिळू नये, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकरी मोर्चाने मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकले. याच पक्षातले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि पत्नी गोदावरीबाईंसह ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींत जाऊन राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकाच व्यासपीठावर होते. शत्रू समोर होता तोवर बावटे जवळ होते.

मग फाटाफूट कशावर? पहिला घाव १९४२ चा. सोव्हिएत रशिया युद्धात उतरल्यावर कम्युनिस्टांनी ते लोकयुद्ध ठरवले आणि 'चले जाव'ला विरोध केला. काँग्रेस समाजवादी पक्षाचे अच्युत पटवर्धन, राममनोहर लोहिया भूमिगत होते. ज्यांच्या घरातले तुरुंगात गेले, त्यांना हा भेद समजावून सांगायला पुस्तक लागले नाही. समाजवाद्यांचा आक्षेप मूलभूत होता: क्रांतीचा निर्णय परक्या राजधानीतून यायचा नाही, आणि लोकशाही हे क्रांतीनंतर परवडेल तेव्हा द्यायचे बक्षीस नाही. १९४८ च्या मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. त्याच सुमारास कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्टांनी बी. टी. रणदिव्यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठावाची वाट धरली.

या दोघांच्या मध्ये महाराष्ट्राने एक तिसरा पक्ष जन्माला घातला. १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) स्थापला. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पण हा पक्ष कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला नाही. बहुजन शेतकऱ्याला त्याची स्वतःची चूल हवी होती. मार्क्सच्या चौकटीत शेतकरी हा कामगाराचा सोबती, पुढारी नव्हे. इथे शेतकरीच पुढारी होता. दत्ता देशमुखांसारखे कट्टर डावे लवकरच बाहेर पडले, ही त्या ओढाताणीचीच खूण. कुलाब्यात मात्र शेकाप रुजला, कारण चरीची जमीन आधीच नांगरलेली होती.

जमिनीचा निकाल अखेर कायद्याने लावला. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ला कसणारा मालक ठरला. इथे मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेंबर्गची आठवण होते. बोल्शेविकांनी जमीन शेतकऱ्यांना वाटून दिली तेव्हा १९१८ मध्ये तिने इशारा दिला, की यातून समाजवाद येणार नाही, खाजगी मालकांचा नवा मोठा वर्ग उभा राहील आणि तोच समाजवादाला अडवील. तिचे म्हणणे कठोर आहे, पण रायगडात कुळकायद्याची दुसरी बाजू तपासली तर पटते. कुळाचे नाव सातबारावर चढले. ज्याचे नाव कुळ म्हणूनही नव्हते, त्या भूमिहीन कातकऱ्याला आणि गावकुसाबाहेरच्या मजुराला काय मिळाले?

आंबेडकरांनी हा प्रश्न आधीच ओळखला होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी जमीन द्यावी, जमीनदार, कूळ, भूमिहीन असे कोणी उरू नये, असे सुचवले. आणि हे सारे घटनेतच लिहावे, म्हणजे कोणत्याही बहुमताला ते पुसता येऊ नये. हुकूमशाहीविना समाजवाद, पण सरकारच्या मर्जीवरही न सोडलेला: डाव्या शाखांत इतका धीट आणि इतका दुर्लक्षित आराखडा दुसरा नाही, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे.

संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले, राज्य मिळाले, समिती विस्कटली. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला. समाजवादी १९५५ मध्ये फुटले, जुळले, पुन्हा फुटले. त्या तपशिलात शिरण्यापेक्षा पेण तालुक्याकडे पाहावे. २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) बावीस गावांत जनमत चाचणी झाली. सेझच्या विरोधात शेकापचे एन. डी. पाटील होते आणि कातकऱ्यांत काम करणारी सर्वहारा जन आंदोलनाची माणसेही होती. सातबारा असलेला आणि नसलेला एका बाजूला उभे राहिले आणि सेझ मागे हटला.

दिघीच्या खाडीला ही कसोटी लावली तर प्रत्येक शाखा वेगळे उत्तर देईल. कम्युनिस्ट बंदर सरकारच्या ताब्यात मागेल. लोहियावादी म्हणेल, गावाला आणि मच्छीमार सोसायटीला निर्णयाचा अधिकार द्या. जुना शेकाप भूमिपुत्राला मोबदला आणि नोकरी मागेल. आंबेडकरी विचार विचारील, की सोसायटीचे सभासदही नसलेले, होडी नसलेले खलाशी कुठे बसणार? सरकारी मालकीने कोळ्याची वहिवाट आपोआप वाचत नाही. धरणग्रस्त आणि नवी मुंबईसाठी जमीन गेलेले सिडकोग्रस्त हे चांगले जाणतात. १९८४ मध्ये उरणला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे शेतकरी गोळीबारात पडले, ते सरकारी भूसंपादनाविरुद्धच उभे होते. म्हणून औद्योगिक शहराची आखणी पुढे जाण्याआधी खाडीवरची वहिवाट नोंदवून घ्यावी, आणि त्या नोंदीत होडीच्या मालकाबरोबर जाळे ओढणाऱ्या खलाशाचे आणि मासळी विकणाऱ्या बाईचे नाव असावे. ही मागणी कोणत्याही रंगाच्या बावट्याने आजच करावी.