शुद्धिपत्र

पैठणची कथा आपल्या कीर्तनांतून वर्षानुवर्षे येते. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी ब्रह्मवृंदाने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त घेतले. त्याहून मोठी शिक्षा शास्त्रात नाही. तरीही मुले वाळीतच राहिली आणि पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणून त्यांना पायी धाडण्यात आले. श्रोत्यांचे कान पुढच्या प्रसंगाकडे लागलेले असतात, रेड्याच्या मुखी वेद कधी येतात इकडे. माझे मन मात्र त्या कागदापाशी अडते. शिक्षा भोगून झाल्यावर कागद कशाचा मागायचा?

आजचे शुद्धिपत्र पोलिसांकडून मिळते. त्याला चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणतात. सरकारी नोकरीला तो लागतो, रिक्षाच्या बॅजला पडताळणी लागते, सोसायटीच्या वॉचमनलाही हल्ली तो मागतात. ज्ञानदेवादी भावंडांनी काहीच केले नव्हते, आणि शिक्षा झालेल्या माणसाने काहीतरी केलेले असते, हा फरक मी झाकत नाही. पण न केलेल्यालाही डाग लागतो हे आपण याच मातीत पाहिले आहे. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे तो आपल्याकडच्या पारधी, कैकाडी समाजालाही लागला. 1952 साली तो रद्द झाला, लोकांच्या मनातला अजून झालेला नाही.

एका कारागृहात कीर्तनसेवा संपल्यावर एक तरुण बंदी पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, वाल्या कोळ्याला देवाकडे फॉर्म भरावा लागला नाही. मी सुटल्यावर नोकरीच्या फॉर्मवर खरे लिहू का?"

खरे लिही, असे मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? पण खरे लिहिल्यावर त्याचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग यांच्या खटल्यात याचा सविस्तर विचार केला. माहिती खरीच दिली पाहिजे, असे तीन न्यायमूर्तींनी सांगितले. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण लपवले असेल, तर नोकरी देणारा ते पोटात घालू शकतो. मात्र निकाल लागलेले प्रकरण प्रामाणिकपणे सांगितले, तरी मागील वर्तन पाहण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला राहतोच. नेमणूक कराच, असे त्याला बांधता येत नाही. म्हणजे लपवले तर मिळालेली नोकरी जाऊ शकते आणि सांगितले तर ती मिळेलच असे नाही. दोन वेळच्या भाकरीसाठी आपण त्या पोराकडे हरिश्चंद्राचे सत्त्व मागतो आहोत.

कायद्यात आधार नाहीत असे नाही. 1958 च्या परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालयाने एखाद्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले, तर दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. बालगुन्हेगारांबाबत 2015 चा कायदा याहून पुढे जातो. अतिगंभीर गुन्ह्यांतले काही अपवाद सोडले, तर ती अपात्रता लागत नाही आणि ठराविक काळाने ती कागदपत्रेही नष्ट करायची असतात. मोठ्या माणसासाठी, त्यातून खासगी नोकरीत, असे सर्वसाधारण संरक्षण आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये 1974 च्या कायद्याने ते आहे. ठरलेली वर्षे पुन्हा गुन्हा न करता गेली, की बऱ्याचशा जुन्या शिक्षा सरल्या असे धरतात आणि साध्या नोकरीसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. मुलांशी संबंध येणाऱ्या कामांना मात्र ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

कोणी म्हणेल, हे साहेबाचे विचार. तर याज्ञवल्क्यस्मृतीचा प्रायश्चित्ताध्याय पाहावा. नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्याबद्दल स्मृतिकार सावध आहेत. तेथे प्रायश्चित्त घेणारा 'व्यवहार्य' होतो, एवढेच ते सांगतात. व्यवहार्य म्हणजे ज्याच्याशी देणेघेणे, उठबस करता येते असा. पाप गेले की नाही हा हिशेब देवाकडे ठेवला आणि माणसांच्या पंक्तीत जागा मात्र दिली. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. नववा अध्याय तर याच्याही पुढे जातो. दुराचारी माणूस अनन्यभावाने भजू लागला, की त्याला साधूच समजावे, असे भगवंत म्हणतात. पण ती भगवंताची दृष्टी. कचेरीतल्या कारकुनाला माणसाचा भाव दिसत नाही; त्याच्याकडून मी 'साधू' नव्हे, 'व्यवहार्य' एवढेच मागेन.

यावर एका संस्थानाच्या विश्वस्तांनी मला विचारले, "बोलायला ठीक आहे महाराज, पण असल्या माणसाला तुम्ही दानपेटीजवळ ठेवाल का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, पेटी फोडून कालच सुटला असेल, तर पेटीजवळ नाही ठेवणार. पण दहा वर्षांपूर्वी बांधावरच्या भांडणात डोके फोडले म्हणून आत गेला होता, एवढ्यावरून पेटीजवळ का ठेवू नये? आणि पेटी फोडणाऱ्यालाही अन्नछत्रात पोळ्या लाटायला उद्यापासून बोलवा. काय केले, किती वर्षे झाली आणि काम कोणते, एवढे विचारा. ते म्हणाले, आमच्या अर्जात एकच रकाना आहे, गुन्हा दाखल आहे काय, होय किंवा नाही. मी म्हटले, मग अर्ज पुन्हा छापा. कागदाला असा कितीसा खर्च येतो?