उणीव आणि तिचा भार

कोणत्याहि मानवी समुदायांत सर्वांची शक्ति सारखी नसते, ही गोष्ट सांगण्यास तत्त्वज्ञ लागत नाहीं. सबळानें दुर्बळास सांभाळावें, हेंहि सर्वत्र ऐकूं येतें आणि त्याविषयीं वाद फारसा होत नाहीं. परंतु वस्तुस्थिति इतकी सरळ क्वचितच असते. पुष्कळदां सबळ आणि दुर्बळ हीं दोन निराळीं माणसें नसून एकच माणूस असतो. एका कामांत तो सर्वांहून श्रेष्ठ आणि दुसऱ्या कामांत सर्वांहून उणा. त्याच्या श्रेष्ठतेचें फळ सर्वांस मिळतें. मग त्याच्या उणिवेचा भार कोणीं वाहावा? तो वाहणारास काय मिळावें? आणि ज्यानें ती उणीव जाणूनबुजून पदरीं घेतली, त्यास पुढें तीच उणीव दोष म्हणून दाखविण्याचा अधिकार उरतो काय? हे तीन प्रश्न घेऊन आज आम्ही वाचकांपुढें येत आहों.

या प्रश्नांचा विचार आम्ही अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या उदाहरणानें करणार आहों. गंभीर विषयास खेळाचें उदाहरण कशाला, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर इतकेंच कीं, कुटुंबांत किंवा कचेरींत कोणाच्या उणिवेचा भार कोणावर पडतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. लज्जेनें म्हणा, ममतेनें म्हणा, तो झांकलेलाच राहतो. खेळांत मात्र तो हजारों लोकांच्या देखत, घटकाभरांत, उघड मांडला जातो.

१८९१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हा खेळ काढला, तेव्हां फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जास टांगल्या होत्या. ती दहा फुटांची उंची आजहि कायम आहे. टोपली इतकी वर असल्यामुळें या खेळांत उंचीस जें महत्त्व आलें, तें इतर फार थोड्या खेळांत असेल. सात फूट उंचीचा माणूस जेथें नवलाचा नाहीं, तेथें सहा फुटांचा गडी ठेंगणा ठरतो. असे ठेंगणे खेळाडू बहुधा गार्डाच्या जागीं खेळतात. चेंडू जमिनीवर आपटीत नेणें, चपळाईनें वाट काढणें, दुरून नेम धरणें, हीं त्यांचीं कामें. आणि तीं ते असे करितात कीं धिप्पाड गड्यांनीं पाहत राहावें. १९७९ सालीं दुरून केलेल्या गोलास तीन गुण देण्याचा नियम राष्ट्रीय संघटनेनें स्वीकारला आणि २००४ सालीं बचाव करणारानें हातानें अटकाव करण्यावर कडक निर्बंध घातले. या दोहोंमुळें ठेंगण्या गार्डाचें मोल फार वाढलें.

परंतु चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेला कीं पारडें फिरतें. उंच गड्यानें ठेंगण्याच्या डोक्यावरून चेंडू टाकावा आणि ठेंगण्यानें हात वर करून पाहावें, याखेरीज पुष्कळदां कांहीं उपाय नसतो. त्यांतून प्रतिपक्ष मुद्दाम त्यास शोधून काढतो. ज्याच्यावर हा लहान गडी नेमलेला असेल त्यानें पुढें येऊन चेंडूवाल्यास आडोसा द्यावयाचा. मग बचाव करणारांस आपापले गडी बदलून घ्यावे लागतात आणि लहान गडी नको त्या बलाढ्याच्या समोर येतो. खेळाच्या भाषेंत यास ‘स्विच’ म्हणतात. एक आडोसा फुकट गेला तर दुसरा, दुसरा गेला तर तिसरा. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीचा इतका पद्धतशीर उपयोग दुसरीकडे पाहावयास मिळणें कठीण.

यावर संघ रचणारांनीं जे उपाय शोधले, त्यांकडे पाहिलें असतां विचार करण्यासारखें पुष्कळ सांपडतें. पहिला उपाय, लहान गड्यास प्रतिपक्षाच्या सर्वांत निरुपद्रवी खेळाडूवर नेमणें. दुसरा, टोपलीपाशीं एक प्रचंड रक्षक उभा करणें, म्हणजे पुढील फळी फुटली तरी मागें भिंत असते. तिसरा, लहान गार्डाच्या जोडीस लांब हातांचा, दोन-तीन प्रकारचे गडी अडवूं शकणारा सोबती देणें. चौथा, माणसागणिक माणूस न नेमतां जागा वांटून घेऊन बचाव करणें. २००१ सालापासून नियमांनीं यास मोकळीक दिली आहे. या सर्वांच्या मुळाशीं तत्त्व एकच आहे. उणीव नाहींशी होत नाहीं. ती चौघांमध्यें वांटून दिली जाते.

या रचनेचा नमुना म्हणून २०००–०१ सालचा फिलाडेल्फियाचा संघ सांगतां येईल. ॲलन इव्हर्सन हा सहा फूट उंचीचा गार्ड त्या वर्षीं सर्वांत अधिक सरासरीनें गुण मिळवून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण त्याचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनीं संघ कसा जुळविला होता पाहा. एरिक स्नो आणि ॲरन मॅकी यांनीं प्रतिपक्षाचे मोठे गार्ड अंगावर घ्यावे, म्हणजे इव्हर्सनास लहान गडी सांभाळतां यावा. फेब्रुवारी २००१ मध्यें सात फूट दोन इंच उंचीचा डिकेंबे मुटोम्बो आणून टोपलीपाशीं उभा केला. इव्हर्सनहि स्वस्थ बसणारा नव्हता. चेंडू हिसकावून घेण्यांत तो त्या वर्षीं अग्रेसर होता. हा संघ अंतिम फेरीस पोंचला आणि लॉस एंजेलिसच्या बलाढ्य लेकर्सना पहिल्या सामन्यांत त्यानें हरविलेंहि. इव्हर्सनचे त्या सामन्यांत ४८ गुण होते. पुढील चारहि सामने मात्र तो हरला. ज्या चौघांस केवळ झीज भरून काढण्यासाठीं निवडलें, त्यांच्याकडून गुणांची भर पडेना. एकाच्या उणिवेसाठीं संघ रचला कीं रचनेची स्वतःची अशी एक नवी उणीव उत्पन्न होते.

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ हें खरें. पण मोठ्या सामन्यांत प्रतिपक्षाचें सारें लक्ष ती मूठ उघडण्याकडेच असतें. १९ जून २०१६ रोजीं गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलंड यांचा सातवा व निर्णायक सामना ८९–८९ असा बरोबरींत आला असतां, शेवटच्या मिनिटांत क्लीव्हलंडनें आडोसा देऊन स्टीफन करी यास कायरी इर्व्हिंगच्या समोर आणलें, आणि इर्व्हिंगनें त्याच्यावरून तीन गुणांचा गोल केला. सामना तेथेंच फिरला. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याच्या लगेच पुढची गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. गोल्डन स्टेटनेंहि तोच डाव उलट खेळून क्लीव्हलंडचा उंच पण बचावांत मंद समजला जाणारा केव्हिन लव्ह यास करीच्या समोर गांठलें. आणि लव्ह जिवाच्या करारानें पाय हलवीत राहिला, करीचा नेम चुकला. शिकार ज्याची करावयाची त्याच्याहि मनाचा हिशेब धरावा लागतो, तो आंकडेमोडींत आधीं येत नाहीं. आणि हाच करी २०२२ सालीं, चौथें विजेतेपद मिळवितांना, अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तेव्हां उणीव असणें म्हणजे पराभव निश्चित, असा सिद्धान्त काढतां येत नाहीं.

मात्र वांटून घेण्यासहि मर्यादा आहे. पोर्टलंडनें २०१३ पासून २०२२ पर्यंत डेमियन लिलार्ड आणि सी. जे. मॅकॉलम असे दोन ठेंगणे गार्ड एकत्र ठेविले. आक्रमण डोळे दिपविणारें. पण २०१९ सालीं पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंतच मजल गेली आणि तेथें गोल्डन स्टेटनें सलग चार सामन्यांत त्यांस बाहेर काढलें. क्लीव्हलंडनें डॉनोव्हन मिचेल व डॅरियस गार्लंड या जोडीच्या मागें एव्हन मोब्ली आणि जॅरेट ॲलन असे दोन उंच रक्षक उभे करून २०२४–२५ च्या हंगामांत ६४ सामने जिंकले, आणि मोब्लीस उत्कृष्ट बचावाचें पारितोषिक मिळालें. तरी दुसऱ्या फेरींत इंडियानानें त्यांस १–४ असें हरविलें. दुखापतींचाहि त्यांत भाग होता, हें सांगणें न्याय्य आहे. परंतु एकाची उणीव चौघांनीं उचलणें आणि दोघांची तिघांनीं उचलणें यांत अंतर आहे, तें अंकगणितानेंच कळतें. शिवाय १९८४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा घातलेली आहे. गुणवंतावर अधिक खर्च झाला तर भारवाहकांसाठीं थैलींत थोडेंच उरतें.

आतां आमच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे वळूं. भार कोणीं वाहावा? जो वाहूं शकतो त्यानें. पण तो भार आहे हें सर्वांनीं मान्य करून. एरिक स्नोनें एका बलाढ्य गार्डाशीं दोन तास झुंज घेतली, तर दुसऱ्या दिवशींच्या तक्त्यांत त्याच्या नांवापुढें काय लिहिलें जाणार? प्रतिपक्षाचे जे गुण झालेच नाहींत, ते त्याच्या खातीं कोणी जमा करीत नाहीं. इव्हर्सनचे ४८ गुण आम्हांस पाठ आहेत, स्नोच्या श्रमांचा आंकडा नाहीं. जगांतील अर्धें उपयुक्त काम याच जातीचें असतें, अनिष्ट घडूं न देण्याचें. आणि त्याची कीर्ति होत नाहीं, कारण न घडलेल्या गोष्टीची वार्ता होत नसते. म्हणून गुणवंताचें पहिलें ऋण आपल्या पाठीशीं उभ्या असलेल्या या माणसांचें आहे. तें तो दोन रीतींनीं फेडूं शकतो. एक, त्यांच्या श्रमांस स्वतःच्या तोंडानें नांव देऊन. आणि दुसरी, स्वतःच्या उणिवेच्या कामींहि होईल तेवढी शिकस्त करून.

ही दुसरी रीत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. उंची कमी असणें हा कोणाचा अपराध नव्हे. पण पाय न हलविणें, आडोशास अडून तसेंच उभें राहणें, चेंडू गेल्यावर मागें न धांवणें, हे ज्याचे त्याचे दोष आहेत. बाहेरून पाहणारास दोन्ही सारखेच दिसतात. परिणामहि एकच, प्रतिपक्षाचे दोन गुण. परंतु सोबत्यांस त्यांतील भेद तत्काळ कळतो. पहिल्या प्रकारच्या उणिवेसाठीं माणसें आनंदानें झिजतात. दुसरीसाठीं झिजतांना त्यांस आपण फसविले जात आहों असें वाटतें. जें दैवानें दिलें नाहीं तें इतरांनीं भरून द्यावें. जें आपल्या हातीं असून आपण दिलें नाहीं, तें इतरांकडे मागण्याचा हक्क आपणांस नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो आयझाया थॉमसच्या चरित्रांत मूर्तिमंत उभा राहतो. पांच फूट नऊ इंच उंचीचा हा गार्ड २०११ च्या निवडींत साठावा, म्हणजे अगदीं शेवटचा, निवडला गेला. २०१६–१७ च्या हंगामांत बॉस्टनसाठीं त्याची सरासरी २८.९ गुणांची होती आणि संघ पूर्व विभागांत पहिला आला. प्लेऑफच्या आरंभींच त्याची बहीण अपघातांत वारली. तरी तो खेळत राहिला, आणि २ मे २०१७ रोजीं, तिच्या जन्मदिवशीं, त्यानें वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. कमरेच्या सांध्याच्या दुखापतीनें शेवटीं त्यास बसविलें. ऑगस्टमध्यें बॉस्टननें इर्व्हिंगच्या बदल्यांत त्यास क्लीव्हलंडला देऊन टाकलें. पुढें त्यास तें स्थान कोठेंच मिळालें नाहीं. ज्या मोठ्या कराराची तो वाट पाहत होता तो कधींच झाला नाहीं, आणि २०१८ सालीं त्यास किमान वेतनावर खेळावें लागलें.

याचा बचाव करणारे म्हणतील कीं, संघ हा धर्मादाय संस्था नव्हे. चालकांचें कर्तव्य उरलेल्या चौदा खेळाडूंशीं आणि प्रेक्षकांशींहि आहे. आणि पांच फूट नऊ इंचांच्या गड्यावर विजेतेपद उभें राहणें दुष्कर, हें अनुभवानें ठरलें आहे. हा युक्तिवाद आम्ही पोकळ मानीत नाहीं. भावनेसाठीं सर्वांचें हित बुडविणें हीहि अनीतिच होय, आणि खेळाडूंची अदलाबदल हा त्या धंद्याचा मान्य रिवाज आहे. तथापि या युक्तिवादानें एवढेंच सिद्ध होतें कीं त्यास सोडण्याचा अधिकार संघास होता. अधिकार असला म्हणून ऋण फिटत नाहीं. थॉमसची उंची २०१५ सालीं तो बॉस्टनला आला तेव्हां जितकी होती तितकीच २०१७ सालीं होती. ती पाहूनच त्यास घेतलें. त्याच्या गुणांवर सामने जिंकले. अशा स्थितींत त्यास निरोप देतांना उंचीकडे बोट दाखविणें, म्हणजे सौदा करतेवेळीं पाहून घेतलेली खोट माल वापरल्यावर तक्रारींत मांडणें होय. दुखापत झालेल्या अंगानें ज्यानें खेळून दिलें, त्याच्या भविष्याची काळजी घेणें हा दयेचा भाग नसून हिशेबाचा भाग आहे.

हा नियम केवळ खेळापुरता नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ज्या शिक्षकास वर्ग आवरत नाहीं पण ज्याच्यासारखें शिकवितां कोणास येत नाहीं, ज्या कारकुनाचें अक्षर वाईट पण स्मरणशक्ति अचाट, ज्या सुनेस स्वयंपाक साधत नाहीं पण जी घरांतील आजाऱ्यांची रात्रंदिवस शुश्रूषा करिते, त्या सर्वांस आपण त्यांच्या उणिवांसकट घेतलेलें असतें. त्यांच्या गुणांचा उपभोग घेतेवेळीं उणीव आपणांस दिसत नाहीं. गुण ओसरूं लागले कीं ती एकाएकीं डोळ्यांत भरूं लागते. उणीव वाढलेली नसते. आपली गरज कमी झालेली असते. ही गोष्ट निदान स्वतःशीं तरी कबूल करावी, इतकीच आमची विनंति आहे.