जात्याचा खुंटा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या गावच्या घरी दरवर्षी एक प्रश्न निघतो : मागच्या पडवीतल्या जात्याचे काय करायचे? ते आता कुणी वापरत नाही. घरात लग्न निघाले म्हणजे तेवढी त्याची आठवण होते. त्याला हळदकुंकू लागते, सुवासिनी त्यावर हळकुंडे दळल्यासारखे करतात, आणि मांडव उतरला की ते पुन्हा कोपऱ्यात जाते. काढून टाकावे असे सगळ्यांना वाटते. टाकायला मात्र कुणी पुढे होत नाही. घरातला वडील माणूस म्हणून शेवटी गोष्ट माझ्याकडे येते आणि मी ती पुढच्या दिवाळीवर ढकलतो. असे का करतो, हे मुलांना मी कधी सांगितले नाही. यंदा आमच्या एका नातीमुळे ते सांगणे भाग पडले आहे.

ही नात एका इस्पितळात काम करते. औषध देणे किंवा मलमपट्टी करणे हे तिचे काम नव्हे. मनाने खचलेल्या माणसांना ती कागद, रंग आणि माती देते आणि त्यांच्याजवळ बसते. या कामाला ‘कला-उपचार’ म्हणतात असे तिने मला सांगितले. मी जुन्या वळणाचा माणूस; मला हसू आले. मी म्हणालो, “चित्र काढून का कुणाचं दुःख जातं?” ती शांतपणे म्हणाली, “जातं असं मी कुठं म्हटलं, आजोबा?”

तिचे हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या पिढीला कलेविषयी एकच वाद ठाऊक होता : कलेसाठी कला की जीवनासाठी कला? फडके एका बाजूला, खांडेकर दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही मधे बसून टाळ्या वाजवणारे. दुसरा वाद करुणरसाचा. नाटकातले दुःख पाहून प्रेक्षकाला आनंद का व्हावा, यावर आम्ही भरतापासून अ‍ॅरिस्टॉटलपर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावीत असू. परंतु या सगळ्या चर्चेत विचार व्हायचा तो पाहणाराचा. ज्याच्या पदरी ते दुःख आहे त्याने ते गायिले, रेखाटले, मातीत वळले, तर त्याचे काय होते, हा प्रश्न आम्ही फारसा विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारला गेला तो एका आजारी माणसाकडून. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याने रणांगणावरची चित्रे काढली होती. 1938 साली त्याला क्षय झाला आणि इंग्लंडमधल्या मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात त्याला महिनोन् महिने पडून राहावे लागले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती आणि मोकळी हवा, एवढाच आधार. पडल्या पडल्या त्याने समोरच्या लहानसहान वस्तूंची रेखाटने सुरू केली, आणि आपल्यात काहीतरी सावरते आहे असे त्याच्या ध्यानात आले. पुढे तो इतर रोग्यांनाही चित्रे काढायला शिकवू लागला. युद्धातून जखमी होऊन आलेले सैनिकही त्यांत होते. या कामाला आजचे इंग्रजी नाव त्यानेच 1942 साली दिले आणि 1945 साली त्यावर पुस्तक लिहिले. चित्राने क्षयाचे जंतू मरत नाहीत हे त्याला ठाऊक होते. अंथरुणावरचा दिवस मात्र रोग्याचा स्वतःचा होतो, हे त्याने अनुभवले होते.

हे वाचताना मला मिडहर्स्ट दिसत नव्हते. मला आमची मागची पडवी दिसत होती.

माझी थोरली आत्या अगदी लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली होती. सासरी तिची तान्ही मुलगीही गेली होती. याविषयी ती कधी बोलत नसे आणि घरात कुणी विचारीत नसे. त्या काळी विधवेच्या दुःखाला घरात जागा असे, पण आवाज नसे. दिवसा तिचे नि माझ्या आईचे फारसे जमत नसे. नणंद-भावजयीत जे होते तेच : दूध उतू का गेले, कपाटाची किल्ली कुठे ठेवली. पण पहाटे दोघी जात्यावर समोरासमोर बसत. एकच खुंटा, त्यावर दोघींचे हात. आई वैरण घाली आणि आत्या ओवी घेई. मी पांघरुणात जागा असे.

त्या ओव्यांत देव असत, पंढरी असे, भाऊ असे. पण अधूनमधून एक वेगळी ओवी येई. आढ्याला बांधलेल्या पाळण्याच्या दोरीला आत्या त्या ओवीत विचारी, की बाई, तू अजून कुणाची वाट बघतेस? ती ओवी संपली की दोन-तीन फेरे नुसती घरघर चाले. मग आई पुढची ओवी घेई, बहुधा आपल्या माहेरची. आईने आत्याची समजूत घातली, डोळे पुसले, असे मला आठवत नाही. ती फक्त हात सोडीत नसे.

मी तेरा वर्षांचा असेन. शाळेत ‘लोकवाङ्मय’ हा शब्द नुकताच कानावर पडला होता. मी ती पाळण्याची ओवी वहीत उतरवून घेतली, आणि दिवाळीत शहरातून पाहुणे आले तेव्हा फराळाच्या वेळी ऐटीत वाचून दाखवली. पाहुण्यांत एक रसिक गृहस्थ होते. ते म्हणाले, “वा! काय कल्पना आहे!” त्यांचा हेतू वाईट नव्हता. आत्या त्या वेळी चकल्यांचे ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवले आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर मी जागा आहे असे वाटले की जात्यावर ओवी येत नसे. पुढल्या वर्षी गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले म्हणून आम्ही सगळ्यांनी आनंद केला, आणि तो खोटा नव्हता; दळण हे काही सुखाचे काम नव्हे. पण जाते थांबले आणि त्याबरोबर आत्याचे जे थांबले त्याची कुणी चौकशी केली नाही.

मी आईला एकदा म्हणालो, “मी काय वाईट केलं? तिची ओवी चांगली होती म्हणूनच वाचली ना?”

आई म्हणाली, “अरे, ती तुझ्यासाठी नव्हती. खुंट्याला जिचा हात असतो तिनं ऐकायची.”

कलेच्या या प्रश्नावर मी पुष्कळ वाचले. पण यापेक्षा नेमके मला कुणी सांगितले नाही. दुःख जोवर मनात असते तोवर त्याला आकार नसतो. ते सगळ्या घरभर पसरलेल्या धुरासारखे असते. गाण्यात, चित्रात, मातीत ते आले की त्याला कडा येतात. ते आपल्यापुढे ठेवता येते, त्याच्याकडे पाहता येते. हा निम्मा भाग झाला. दुसरा निम्मा भाग समोरच्या माणसाचा आहे. दोघींनी ओढले म्हणून पायलीभर दाण्यांचे वजन कमी होत नाही. पण एकीच्या हातावर येणारा भार कमी होतो. दुःख हलके होत नाही, एकटेपण हलके होते.

आणि म्हणूनच येथे एक धोकाही आहे. रसिक ‘वा!’ म्हणतो, तेव्हा तो खुंटा सोडून प्रेक्षकांत जाऊन बसतो. रोग्याच्या चित्रातला काळा रंग पाहून ‘हे अमुक रोगाचे लक्षण’ असे घाईने ठरवणारा जाणकार तरी वेगळे काय करतो? एकाने दुःखाची कलाकृती केली, दुसऱ्याने टिपण केले. जिचे दुःख होते ती दोन्हीकडे ताट खाली ठेवून आत निघून जाते. माझ्या नातीला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की बराच वेळ ती काहीच बोलत नाही. रोगी काढतो तसे तीही शेजारी बसून काही काढते. मला बरे वाटले.

तरीही एक कठोर प्रश्न उरतो. जेथे काहीच वाचणार नाही तेथे याचा उपयोग काय? या प्रश्नापुढे मला नेहमी एक बाई दिसतात. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस, व्हिएन्नाच्या चित्रकर्त्या. ज्यू म्हणून 1942 च्या डिसेंबरात नाझींनी त्यांना तेरेझिनच्या बंदिवस्तीत पाठवले. तेथील मुलांना त्या चित्रकला शिकवू लागल्या. कागद मिळत नसे. जुन्या कचेरीतल्या कागदांच्या पाठीवर मुले काढीत. सगळ्यांना चित्रकार करावे असा बाईंचा हेतू नव्हता. मुलांचे मन मोकळे राहावे एवढेच त्यांना हवे होते. मुलांनी घरे काढली, फुले काढली, आणि आपण निजतो ते एकावर एक रचलेले लाकडी बाकही काढले. चित्रावर आपले नाव घालायला बाई त्यांना सांगत. 1944 च्या ऑक्टोबरात बाईंना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. त्या मुलांपैकी बहुतेकांचेही तेच झाले. मागे राहिल्या दोन पेट्या. त्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

औषधाच्या मापाने मोजले तर हा उपचार फसला. एकही मूल चित्रामुळे वाचले नाही, आणि चित्रे उरली हे मुले न उरण्याचे समाधान होऊ शकत नाही. पण ज्या वस्तीत माणसाला यादीतला एक आकडा करून टाकले होते, तेथे त्या तासापुरते एक मूल आपल्या घराचे छप्पर कोणत्या रंगाचे हे स्वतः ठरवीत होते, कोपऱ्यात आपले नाव लिहीत होते, आणि शेजारी बसलेले कुणी ते पाहत होते. हे व्यर्थ होते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. बाईंची एक शिष्या, एडिथ क्रेमर, 1938 साली अमेरिकेस गेली आणि तेथे दुखावलेल्या मुलांबरोबर हेच काम करीत राहिली. खुंटा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामात गावातल्याच बायका होत्या, आणि गाणारीचे नाव व गाव ओवीबरोबर नोंदले गेले. ते पाहिले तेव्हा माझ्या वहीची चूक मला पुरती कळली. लिहून घेणे हा अपराध नव्हता. मी न विचारता घेतली होती, आणि जिची होती तिला बाजूला सारून वाचली होती.

आत्या फार थकली होती तेव्हा मी एकदा तिला म्हणालो, “आत्या, एखादी ओवी म्हण ना.”

“दळणावाचून कुठली ओवी सुचायला, बाळ!”

मी पडवीतले जाते पुसले, तिला समोर बसवले, मूठभर गहू घातले आणि खुंटा धरला. तिने माझ्या हाताखाली आपला हात ठेवला. ती हसली. म्हणाली, “उलटं फिरवतोयस.” मग आम्ही काही वेळ सुलटे फिरवले. ओवी आली नाही; तिचा दम पुरत नव्हता. पण हात न काढता तिने मला तिच्या मुलीचे नाव सांगितले. इतक्या वर्षांत ते मी प्रथमच ऐकत होतो.

ते नाव मी येथे लिहीत नाही. न विचारता लिहिण्याची चूक एकदा करून झाली आहे.

जात्याचे काय करायचे, हे आता मुलांनी ठरवावे. यंदा ते जागीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नातीने त्याच्यापाशी एक पणती ठेवली आणि ती पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. तिने काही विचारले नाही. म्हणून मी सांगू लागलो.