हिरवळीचा राखणदार

काही कामे अशी असतात की, ती उत्तम वठली म्हणजे कोणाच्या लक्षातच येत नाहीत. भाजीत मीठ बेताचे पडले तर मिठाचे नाव कोणी काढीत नाही. ते कमी पडले म्हणजे मात्र साऱ्या पंगतीस त्याची आठवण होते. शहराची गटारे, घड्याळाची चाके, घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची काटकसर ही सारी ह्याच जातीची. अशा कामांची योग्यता ठरवू गेल्यास नीतिविचारातील काही अवघड प्रश्न समोर उभे राहतात. ते प्रश्न आम्ही येथे एका अशा कामाच्या आधाराने मांडणार आहो की, ज्याचा विचार मराठी वाचकाने बहुधा कधी केला नसेल. ते काम म्हणजे गोल्फच्या मैदानाची राखण.

हा खेळ आपल्या देशाला नवा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यास निघाला. पुण्यात १८८६ साली पूना क्लब स्थापन झाला, आणि त्याच क्लबाचे अठरा होलचे मैदान आज येरवड्यास आहे. होल म्हणजे सव्वाचार इंच व्यासाचा एक खळगा. दूरवरून टोलवीत आणलेला चेंडू कमीत कमी टोल्यांत त्यात घालावयाचा, एवढाच ह्या खेळाचा सारांश. खळग्याभोवती गालिच्यासारखी जी हिरवळ असते तीस खेळाडू 'ग्रीन' म्हणतात. ह्या सर्व मैदानाचा भार ज्याच्या शिरावर असतो तो सुपरिंटेंडंट. अमेरिकेत ह्या धंद्यातील लोकांनी १९२६ साली आपली संस्था काढली तेव्हा ते स्वतःस 'ग्रीनकीपर', म्हणजे हिरवळीचे राखणदार, म्हणवीत असत. सुपरिंटेंडंट हे भारदस्त नाव मागाहून आले. आम्हांस जुने नावच अधिक अर्थपूर्ण वाटते. अधीक्षक वरून पाहतो. राखणदार जवळ राहतो.

ह्या राखणदाराचा दिवस खेळाडूंच्या आधी उजाडतो. पात्यांवर दव राहिले तर बुरशीस आमंत्रण मिळते, म्हणून प्रथम ते झाडून काढावयाचे. मग ग्रीनवरील गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापावयाचे; यंत्राचे पाते बोथट असेल तर गवत कापले न जाता फाटते आणि दुपारपर्यंत त्याची टोके पांढुरकी पडतात. एकाच जागी पावले पडून हिरवळ झिजू नये म्हणून खळग्याची जागा वरचेवर बदलावयाची. तुडवून तुडवून जमीन घट्ट झाली म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. तेव्हा तीत भोके पाडून वर रेती पसरावयाची. पावसाळ्यात पाणी साचू द्यावयाचे नाही, जमिनीखाली मुळे कुरतडणाऱ्या हुमणीवर नजर ठेवावयाची, आणि हाताने तण वेचणाऱ्या बायकांपासून यंत्रे चालविणाऱ्या गड्यांपर्यंत सर्वांकडून हे काम वेळच्या वेळी करून घ्यावयाचे. पुण्यास वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने ह्या राखणदाराची कसोटी असते.

आणि हे सारे ज्या गवतासाठी, ते गवत तरी कोणते? आपल्या उष्ण देशातील गोल्फच्या मैदानांवर जे मुख्यत्वे वाढविले जाते, ते आपल्या ओळखीच्या हरळीचे किंवा तिच्या संकरित जातींचे असते. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन ह्या शास्त्रज्ञाने हरळीचा तिच्या एका आफ्रिकी बहिणीशी संकर करून १९५६ साली 'टिफग्रीन' ही जात प्रसृत केली, तीस ह्या धंद्यात मोठी मान्यता मिळाली. पण मूळ कूळ हरळीचेच. हीच हरळी दूर्वा म्हणून आपण गणपतीच्या मस्तकी वाहतो, आणि हीच शेतात शिरली म्हणजे शेतकरी कपाळास हात लावतो. कारण उन्हाळी खोल नांगरट करून, कांड्या वेचून जाळल्या तरी ती पुन्हा फुटते. एकच तृण देवघरात पूज्य, शेतात शत्रू आणि क्रीडांगणावर लाडके. ह्यावरून वस्तूची किंमत वस्तूत नसून माणसाच्या प्रयोजनात असते, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, तसे असेल तर प्रयोजनाचाच हिशेब आधी मागितला पाहिजे.

तो हिशेब मुख्यतः पाण्याचा आहे. एक एकर हिरवळीस उन्हाळ्यात दिवसाला केवळ ४ मिलिमीटर पाणी दिले असे धरले, तरी ते सुमारे १६,००० लिटर होते. शहरातील माणसास दररोज दरडोई १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. म्हणजे एका एकराची हिरवळ सुमारे १२० माणसांचे पाणी पिते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ह्या चार धरणांवर पुणे शहर जगते, आणि खालच्या अंगाची शेतीही त्याच साठ्याकडे डोळे लावून असते. चैत्र-वैशाखात धरणांचा तळ दिसू लागतो आणि पेठांतून एक दिवसाआड पाण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी, ज्यापासून ना दाणा ना चारा अशा गवतावर पाणी शिंपडणे हे पाप नव्हे काय?

हा प्रश्न केवळ तर्कातला नाही. २०१६ सालच्या एप्रिलात मराठवाडा तहानेने व्याकूळ झाला होता. मिरजेहून पाण्याची आगगाडी ३०० किलोमीटरहून अधिक वाट तुडवून लातुरास गेली. पहिल्या खेपेस तिने ५ लाख लिटर पाणी नेले. त्याच दिवसांत क्रिकेटच्या खेळपट्ट्या भिजविण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि ३० एप्रिलनंतरचे आय.पी.एल.चे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो फिरविला नाही. पुण्याजवळच्या गहुंजे येथील सामनेही त्यामुळे दूर गेले. काही जण तेव्हा म्हणाले की, सामने हलवून लातूरच्या घागरीत एक थेंबही पडला नाही. हिशेबाने ते खरे असेल. परंतु ज्या घरात शेजारी प्रेत पडले आहे, त्या घरात त्या दिवशी गोडधोड करीत नाहीत. न केलेल्या पक्वान्नाने प्रेत उठत नाही हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. काही निर्बंध फळासाठी नसतात. आपण एकमेकांचे कोणी लागतो ह्याची ती कबुली असते.

मग मैदाने ओसाड टाकावीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. पोटास लागत नाही ते सर्व व्यर्थ, असे मानले तर एम्प्रेस गार्डनही नको, गणेशखिंडीचे वनस्पती-उद्यानही नको, आणि शेवटी गाणे-बजावणेही नको. कोंडलेल्या शहरास मोकळी, झाडांची जागा लागते. मग तीत खेळणारे थोडे असोत की पुष्कळ. मात्र पंगतीचा क्रम पाळला पाहिजे. पहिले पान तहानेचे, दुसरे शेतीचे, आणि खेळाचे पान सर्वांच्या मागून. खेळाने उष्टे पाणी घ्यावे, म्हणजे शहराने एकदा वापरून शुद्ध केलेले सांडपाणी. जगातील कित्येक कोरड्या मुलखांतील मैदाने अशाच पाण्यावर चालतात. त्यात क्षार अधिक असतात, ते जमिनीत साठतात, आणि मधून मधून निचऱ्यावाटे धुऊन काढावे लागतात. राखणदाराचे काम त्याने वाढते. पण हरळी बरेच क्षार सोसते. जी शेतकऱ्याच्या नांगरास पुरून उरली, ती एवढ्याने हार खाणारी नव्हे.

येथे राखणदाराच्या कसबाचे खरे मर्म दिसते. वरवर वाटते की, त्याचे काम देणे हे आहे: पाणी, खत, औषध. जाणता राखणदार मात्र किती कमी दिले तरी चालेल ह्याचा शोध करीत असतो. गवतास रोज थोडे थोडे पाणी मिळाले तर मुळे वरच्या वर राहतात आणि एका कडक उन्हाने ते मान टाकते. अंतराने पण खोलवर पाणी दिले तर मुळे पाण्यामागे खाली उतरतात. खत फार झाले तर पाने लुसलुशीत होतात आणि रोगास बळी पडतात. फार खाली कापले तर ग्रीन गुळगुळीत दिसते, पण पात्यांबरोबर मुळेही खुजी होतात. ज्यांनी मुले वाढविली आहेत त्यांस ह्यात नवे काही वाटणार नाही.

परंतु खेळणाऱ्यांची मागणी बहुधा उलट असते. त्यांस हिरवळ अधिक हिरवी हवी, अधिक आखूड हवी आणि बारा महिने हवी. अमेरिकेतील ऑगस्टा येथील मैदान दर एप्रिलात दूरचित्रवाणीवर झळकते. ते पाहून तेथील गावोगावच्या क्लबांचे सभासद आपल्या राखणदारास तसलेच मैदान मागतात, ही त्या धंद्यातील जुनी तक्रार आहे. ऑगस्टाची माती, पैसा आणि ऋतू आपल्यापाशी नाहीत, हे सभासदांना सांगावे कोणी? पगार देणाऱ्यास 'नाही' म्हणण्याचा हा प्रसंग. राखणदार नेमका कोणाचा सेवक, हा प्रश्न येथेच उभा राहतो. सभासदांचा म्हणावे, तर त्यांच्या इच्छेप्रमाणे मैदान दोन वर्षे झळकवून तिसऱ्या वर्षी मारण्यासही तो मोकळा झाला.

आमचे उत्तर असे की, ज्याच्या हाती एखादी वस्तू राखावयास दिली, त्याचे पहिले इमान त्या वस्तूशी. वस्तूच्या मालकाशी दुसरे. वैद्याची फी रोग्याचा बाप देतो. म्हणून बापाच्या आग्रहाखातर वैद्य रोग्यास अपथ्य खाऊ घालीत नाही. आणि त्या वस्तूच्या पोषणासाठी जे दुसऱ्यांच्या वाट्यातून येते, त्या दुसऱ्यांशीही त्याचे इमान असते. कारण धन्यास न दिसणारी पाण्याची वाट त्यास दिसते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील प्राचीन मैदान रविवारी खेळास बंद असते. जगभरचे खेळाडू तेथे पैसे मोजून खेळावयास उत्सुक असतात, तरी त्या दिवशी गावचे लोक त्यावर पायी फिरतात आणि गवत विसावा घेते. आपल्याकडे पोळ्यास बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. ज्याच्यापासून आपण काम घेतो त्यास विसाव्याचा हक्क आहे, हे दोन्ही समाजांनी ओळखले होते.

गवताच्या हक्काची गोष्ट निघाली म्हणजे ते राखणाऱ्या माणसाच्या हक्काची गोष्ट टाळता येत नाही. पूना क्लबाच्या नावाशी ह्याविषयीची एक हकीगत जोडलेली आहे. ती गोल्फची नसून क्रिकेटची आहे. पण रोलर ओढणाऱ्यास त्याने फरक पडत नाही. पळवणकर बाळू हा चांभार कुळातील तरुण १८९२ च्या सुमारास ह्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवावा, रेषा आखाव्यात, जाळी बांधावी, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत हे त्याचे काम. त्याने तासन् तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या क्लबाने त्यास संघात घेतले, तेव्हा मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळावा आणि चहाच्या वेळी त्यास मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा द्यावा, असा प्रकार ह्याच पुण्यात झाला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याच पुरुषाने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नायकत्व त्यास कधी मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्यास ते मिळाले, तेही १९२३ साली.

बाळू थोर गोलंदाज निघाला म्हणून त्याची हकीगत आपल्यापर्यंत आली. तो निव्वळ चांगला राखणदारच राहिला असता तर? खेळपट्टी तितकीच सपाट राहिली असती, आणि त्याचे नाव कोणास ठाऊक झाले नसते. आम्हांस टोचते ते हेच. आपल्या समाजाने राखणीची कामे फार काळ अशा हातांवर सोपविली की, ज्यांच्याकडे पाहावयाचे नाही असा नेमच होता; आणि न पाहण्याच्या ह्या सवयीस, चांगले काम दिसत नसते, हे सोयीचे तत्त्व आयतेच मिळाले. पण त्या तत्त्वाचा अर्थ एवढाच की, कामात खोट दिसू नये. काम करणारा दिसू नये, असा त्याचा अर्थ करणे ही लबाडी आहे. जो क्लब गवताच्या मुळांस हवा मिळावी म्हणून जमिनीत भोके पाडतो, त्याने तण वेचणाऱ्या बाईस वैशाखाच्या दुपारी सावली आणि पिण्याचे पाणी आहे की नाही हे पाहावे, एवढे मागणे अधिक नव्हे.

म्हणून कोणतीही हिरवळ पाहून ती किती हिरवी एवढेच विचारू नये. तिचे पाणी कोणाच्या वाट्याचे, आणि तिची निगा करणारा हात कोणत्या मानाने वागविला जातो, हेही विचारावे. ह्या दोहोंची उत्तरे निःसंकोच देता आली, तर खेळ खुशाल चालावा. उन्हाळ्यात ती हिरवळ थोडी पिवळी पडली तरी तीत लाजण्यासारखे काही नाही. हीच परीक्षा आपल्या घरच्या बागेस, सोसायटीच्या अंगणास आणि घासून ठेवलेल्या जिन्यासही लागू आहे. तेथे पहाटे येऊन जाणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी कितीजणांस सांगता येईल, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.