पगार घेतला म्हणून सेवा उणी होते काय?

परवा एकादशीचे कीर्तन आटोपून पारावर बसलो होतो. एक माळकरी गृहस्थ म्हणाले, "बोवा, उपकेंद्रातल्या नर्सबाईंची तुम्ही सेवेकरी म्हणून थोरवी गायलीत. पण त्या तर पगार घेतात! ती चाकरी झाली, सेवा कशी?"

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचा विचार करू.

बाई करतात काय, ते आधी पाहावे. सपाटीवर साधारण ५,००० वस्तीला आणि डोंगराळ भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र असा नेम आहे. लेकरांना लस टोचणे, गरोदर लेकीसुना तपासणे, बाळंतिणीच्या घरी जाणे, हे सारे तिथल्या नर्सबाईंकडे. २०१८ पासून या केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचर्येची पदवी घेतलेल्याही असतात. सहा महिन्यांचे वेगळे शिक्षण घेऊन त्या रक्तदाब, साखर तपासतात, ठरलेली औषधे देतात आणि दुखणे अवघड दिसले की वेळेवर डॉक्टरांकडे धाडतात. अमेरिकेत कोलोरॅडो येथे १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह असे शिक्षण सुरू केले, त्याच्या मुळाशीही हीच कळकळ होती: डॉक्टर कमी पडतात तिथे शिकलेल्या परिचारिकेने उभे राहावे.

आता पगाराचे. आपल्या संतांत धंदा सोडून बसलेले किती? गोरोबाकाका मडकी घडवीत, सावता महाराज मळा पिकवीत, सेना महाराज धोकटी घेऊन लोकांच्या दारी जात. त्यांची चूल त्याच कामावर पेटे. म्हणून त्यांची भक्ती बाटली काय? उलट सेना महाराज पूजेत गुंतले तेव्हा देवाने त्यांची धोकटी उचलली, असे आपण भाविकपणे सांगतो. देवाला जे काम हलके वाटले नाही, त्याच्या मोलाने ते हलके कसे होईल?

मग चाकरी आणि सेवा यांत भेद कुठे? तो मनात आहे. म्हाताऱ्याची जखम चिघळली, घरचेच नाकाला पदर लावतात. तिथे जी बाई जात न विचारता, तोंड न वेंगाडता ती धुते, तिने पगार घेतला तरी ती सेवाच. आणि फुकट करून उपकार मोजीत बसला, तर तो व्यापार.

पण गड्यांनो, आपलीही एक लबाडी आहे. "सेवा आहे ना, मग पैशाचं कशाला काढता?" असे म्हणून आपण त्यांचे हक्काचे बोलणे दाबतो. कित्येक जणी कंत्राटावर राबतात. त्यांना देवी म्हणायचे आणि पगार थकला तर गप्प बसायचे, हा कोणता परमार्थ?

तेव्हा लसीच्या दिवशी लेकरू वेळेवर न्यावे. दारी आलेल्या ताईला पाणी द्यावे, तिचे सांगणे ऐकावे. तिच्यावर अन्याय झाला तर ग्रामसभेत उभे राहून बोलावे. तेवढे केले तर आपल्या गळ्यातली माळ शोभेल.

रामकृष्णहरि.