भूक कोणाची, औषध कोणाचे?

आफ्रिकेच्या दक्षिणेस कलहारी नावाचे वाळवंट आहे. तेथे सान लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून राहत आले. शिकारीमागे दिवस दिवस चालावे लागे. तेव्हां हूडिया नावाच्या वनस्पतीचा कांडका मोडावयाचा, काटे काढावयाचे आणि गर चघळावयाचा. भूकतहान जरा निवे. दिसण्यांत ही निवडुंगासारखी, पण कुळाने आपल्या रुईची भावकी!

दक्षिण आफ्रिकेतील सरकारी संशोधन संस्थेने १९६३ साली तिचा अभ्यास आरंभिला. भूक मंदावणारे द्रव्य हातीं आल्यावर १९९५ मध्ये पेटंट मागितले. मग ब्रिटिश कंपनी आली, तिच्यामागून अमेरिकन आली. ज्यांनी ही वनस्पती दाखविली त्यांना मात्र कोणी पुसले नाही. पुढे बोभाटा झाला, तेव्हां मार्च २००३ मध्ये करार होऊन संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वधनांतील सहा टक्के सानांना द्यावयाचे ठरले.

आतां गंमत पाहा. सान माणूस भूक मारी ती घरीं पोराबाळांकडे शिकार पोचावी म्हणून. इकडे भरल्या ताटापुढे बसलेल्याला भूक नको झाली! मेदाने खरोखर आजारी असलेल्याची आम्ही थट्टा करीत नाही. त्याला औषध हवेच. पण गोळी घेऊन भूक मेली, तर तो संयम कसा? एकादशीला पोटांत कावळे ओरडतात आणि हात आवरतो, त्याला उपास म्हणावे. भूकच नाही म्हणून ताट सारले, तर ती नुसती अरुची.

अखेर गोळीही फसली. अमेरिकन कंपनी २००३ मध्ये, तिच्यानंतर आलेली युनिलिव्हर २००८ मध्ये बाजूला झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पंधरा दिवस अर्क घेऊनही स्त्रियांचे खाणे कमी झाले नाही. उलट मळमळ, ओकारी आणि रक्तदाब वाढला.

मग काय, विक्रीच नाही तर सहा टक्के कशाचे? कोणी म्हणेल, हिशेब मिटला. आम्हांस तसे वाटत नाही. पैशाचे देणे विक्रीवर ठरते. पण विचारण्याचे देणे १९९५ सालींच, एक दमडीही मिळण्याआधी, लागू झाले होते. ते औषध चालण्या-न चालण्यावर कसे अवलंबून राहील?

आपल्या डोंगरकपारींतली माकडशिंगी याच कुळांतली. गुराखी पोरे ती मोडून खातात. वजन उतरविण्यासाठी तिचाही अर्क विकला जात आहे. ती कोणाच्या तोंडून कळली, याची चौकशी अजून करतां येईल.